आत्याने धरून ठेवलेले पाणी

आत्याने उभ्या जन्मात कधी दाराला कडी लावली नव्हती. लग्न होऊन ती शनिशिंगणापुरात गेली. तिथे घरांना चौकटी होत्या, दारे नव्हती. वारा, शेजारणी आणि चांदणे सारख्याच हक्काने आत येत. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या विहिरीने तळ दाखवला, बैल छावणीवर गेले आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, आपल्या या विधवा थोरल्या बहिणीला नगरला आमच्या नव्या घरी घेऊन आले. त्या घरात दारेच दारे होती. पहिल्या दिवशी प्रत्येक फळीवरून तळवा फिरवत ती अण्णांना म्हणाली, “एवढं कुनाला भ्यायचं रं, बापू?”

अण्णांच्या घराचे खरे भूषण मागच्या अंगाला होते. गल्लीत अजून डब्याचे संडास असताना त्यांनी पुण्याहून फ्लशची टाकी आणवली होती. बिडाची, काळीभोर, जवळजवळ छताला टेकलेली. साखळी माझ्या हाताला लागत नसे. आईच्या लागे, पण एका ओढीत ती टाकी कुणालाच वश झाली नाही. पहिल्या ओढीला नुसता खोकला, दुसरीला दाटलेला हुंदका, आणि तिसरीला असा कडकडाट की पायांवर शिंतोडे उडत. जे वाहून जायचे ते मात्र तिथेच गिरक्या घेत राही. मग बादली ओतावीच लागे.

“बादलीच वतायची, तर ह्या बयेला वर कशाला बसवलं?” आत्या विचारी.

“आक्का, विलायती पद्धत आहे ती.”

“मग विलायतंत लई पाऊस पडत आसंल.”

अण्णा हसत नसत. आम्ही पदराआड, पुस्तकाआड हसून घेत असू.

पण कोसळण्याहून वाईट होते ते तिचे न थांबणे. टाकीच्या आत एका दांडीला तांब्याचा फुगा जोडलेला होता. पाणी भरत आले की फुग्याने वर यावे, दांडी उचलली जावी आणि धार मिटावी, असा त्यांचा आपसातला करार होता. फुग्याला कुठेतरी सुईच्या अग्राएवढे भोक होते. मिस्त्री कथलाचा डाग देऊन जाई, आठवड्यात ते पुन्हा उघडे. फुगा पाणी पिऊन जड होई, बुडी मारी, आणि गच्चीवरच्या टाकीतले घरभराचे पाणी भिंतीच्या पोटातून निमूट ओघळत गटारात जाई. नळ तेव्हा दिवसाआड येत असे, तोही पहाटे, थोडाच वेळ.

ते ओघळणे आत्याला ऐकू येई. तिचे हात मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या विलायती ज्वारीच्या, तांबूस पिठात असत, चूल फुरफुरत असे, आणि मध्येच ती मान तिरपी करी. “ऐक पोरी. रडतीय ती.” मला काहीच ऐकू येत नसे. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता हळूहळू यायचे: रेशमी वस्त्र कुणी अंधारात ओढून नेत असावे, असा बारीक, सळसळता स्वर. ती पिठाच्या हातांनीच स्टुलावर चढे, फुग्याला टिचकी मारी आणि खाली उतरून पुन्हा भाकरी थापू लागे. एकदा ती म्हणाली, “म्या विहिरीच्या तळाला बसून वाटीनं पानी भरलंय. वाटी वाजायची, पानी वाजत नव्हतं.”

संडासाचे दारही ती लावत नसे. जुन्या लुगड्याचा पडदा सोडी आणि मला बाहेर बसवून आतून गप्पा मारी. आई लाजेने लाल होई. “वन्सं, निदान पाहुणे असताना तरी!” “पाव्हन्यांना ठाव न्हाई का, मानूस कुठं जातं ते?” आत्याचा आवाज पडद्यामागून प्रसन्नपणे येई.

त्याच उन्हाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. एका सकाळी, अण्णा कचेरीत गेल्यावर, तिला कळा सुरू झाल्या. नळ दुसऱ्या दिवशी यायचा होता. होते नव्हते ते पाणी गच्चीवरच्या टाकीत. मी नर्सबाईंना घेऊन आले तो मागून हाक आली, “पोरी, हिकडं ये.”

पडदा बाजूला होता. आत्या स्टुलावर चवड्यांवर उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत त्या बिडाच्या टाकीत, डावा भिंतीला टेकलेला. घाईत कुणीतरी साखळी ओढली होती आणि फुगा आता टिचकीला जुमानत नव्हता. सोडला की बुडत होता.

“न्हानीतला नळ सोड. भरंल तेवढं भर, बाईस्नी दे. हितलं म्या धरलंय.”

न्हाणीतला नळ करंगळीएवढ्या धारेने गळत होता. मी तपेली भरत होते, बंबात ओतत होते, खोलीच्या दाराशी नेऊन ठेवत होते, आणि प्रत्येक खेपेला तिच्याकडे पाहत होते. तिच्या कोपरावरून पाण्याचा एक ओघळ चोळीत उतरत होता.

“हात बदल ना, आत्या.”

“बदलताना सुटंल.”

आतून ताई किंचाळली की आत्या भिंतीवर कपाळ टेकी. दुसरी काही हालचाल नाही. दुपारच्या सुमारास बाळ रडले.

“काय झालं गं?”

“मुलगी!”

“नितळ पान्यानं धुतली?”

“हो.”

“बरं झालं. बाळंतिनीचं न्हानं व्हायचंय अजून.” आणि हात तिथेच राहिला.

निरोप मिळून अण्णा धावत आले. बहिणीला त्या स्थितीत पाहून ते क्षणभर खिळले, मग परसात पपईमागे गेले आणि वाकून फ्लशच्या टाकीकडे जाणाऱ्या नळीवरचा एक छोटासा कॉक फिरवला. तो तिथे असल्याचे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितले नव्हते.

“आक्का, सोड आता. मागून बंद केलंय.”

“बंद? पानी बंद केलं?” तिला ते उमजेना. जिच्या घरात मिटण्यासारखी एकही वस्तू नव्हती, तिला असा खटका शोधायचे सुचावे तरी कसे!

“निदान दोरीनं तरी बांधायचं गं,” अण्णा कळवळून म्हणाले.

“दोरीला काय ठाव, कुनासाठी धरलंय ते?”

ती खाली उतरली, पण हात उतरला नाही. तो खांद्यातून तसाच वर राहिला होता. अण्णांनी कोमट तेल घेऊन स्वतः तो चोळला. माझ्या करारी वडिलांना रडताना मी पहिल्यांदा पाहिले. मग सुरकुतलेला, गंजाचा नि ओल्या तांब्याचा वास येणारा तो तळवा तिने बाळाच्या टाळूवर ठेवला. खोलीत ओव्याशेपांची धुरी होती. ते दोन वास माझ्या मनात आजही वेगळे होत नाहीत.

संध्याकाळी ती परसात जाऊन बसली. कॉक फिरवून पाहिला, उघडून पाहिला, पुन्हा मिटला. “सगळं आसं बंद करता येतं,” ती मला म्हणाली, “म्हनून तुमाला कान न्हाईत.”

विहिरींना पाणी आले तशी ती निघाली. अण्णांनी राहण्याचा आग्रह केला. “घर उघडं हाय रं.” “तुमच्याकडे चोरी होत नाही ना पण?” “चोरापायी न्हाई. कुनी आलं, तर बस म्हनाया मानूस पायजे.” काही वर्षांनी त्याच उघड्या चौकटीतून तिला बाहेर नेले. तो उजवा हात शेवटपर्यंत खांद्याच्या वर गेला नाही.

ताईची ती मुलगी आता पुण्यात राहते. तिच्याकडे पांढराशुभ्र कमोड आहे, दोन बटणांचा. एक दाबले तर पाणी पुरत नाही, दुसरे दाबले तर थांबत नाही. परवा मी तिथे होते. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या माझी मान तिरपी झाली. उठून गेले, तर दार सताड उघडे, झाकण जमिनीवर आणि तिचा हात कोपरापर्यंत टाकीत.

“मावशी, फ्लोट धरून उभी आहे मी. तो खालचा कॉक बंद कर ना.”

मी वाकले. कॉक माझ्या बोटांत आला. तिच्या कोपरावरून एक ओघळ खाली येत होता. फिरवण्याआधी मी थांबले, ऐकले. तिने धरलेले पाणी अजिबात वाजत नव्हते.