बारा टोप्या आणि एक कोरडं डोकं

सोमवारी सकाळी कीर्तिभाईंनी माझ्या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. आमच्या हेअर क्रीमची अर्धी संपलेली डबी, धुळ्याच्या डेपोवाल्याचं पत्र आणि एका पाकिटात केसांचा पुंजका. केस मुळापासून गळलेले नव्हते, मधूनच तुटलेले होते. कुणा गिऱ्हाइकाने पुरावा म्हणून दिले असावेत.

"वाचा बेन," ते म्हणाले.

कोरड्या केसांसाठी म्हणून विकलेल्या क्रीमने केस वाळल्या गवतासारखे झालेत, बायका डब्या दुकानदारांच्या तोंडावर परत आणून टाकताहेत, असं पत्रात होतं.

"जुओ बेन, शनिवारी दुसरा लॉट नागपूरला निघतोय. क्रीम बरोबर असेल तर बरोबर लिहून द्या. नसेल तर कोणाची चूक, ते लिहून द्या. वच्चे, मधलं, कांई नको."

कीर्तिभाई आमचे मालक. नव्वद सालच्या आसपास सिल्वासाला असे छोटे कारखाने भराभर निघत होते, त्यातला आमचा एक, नरोलीच्या रस्त्यावर. मी तिथली केमिस्ट. दापोलीहून मुंबईला शिकायला गेले आणि तिथून नोकरीसाठी इथे आले. क्यूसी, म्हणजे माल पास-नापास करणं, हे माझं खातं. खात्यात माणसं एक, मीच. आणि या क्रीमच्या कागदावर 'पास' म्हणून सही माझी होती.

थोडं समजावून सांगते. केस कोरडे असणं म्हणजे त्यांत पाणी न टिकणं. तेल केसांना पाणी देत नाही, आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसं. ग्लिसरीनचं काम वेगळं. ते हवेतलं पाणी ओढून केसांपाशी धरतं. आमच्या क्रीममध्ये ग्लिसरीन भरपूर आणि तेल नावापुरतं होतं. कॉलेजच्या मुलींना चिकट डोकं आवडत नाही, म्हणून कीर्तिभाईंनी डबीवर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'तेलाची गरज नाही'.

बाजारात पाठवण्याआधी मी पॅनेल टेस्ट केली होती. म्हणजे खऱ्या माणसांवर माल वापरून बघायचा. पॅकिंग लाइनवरच्या बारा बायका घेतल्या. भर पावसाळ्यात तीन आठवडे डोक्याला तेल लावायचं नाही, फक्त क्रीम. दर शनिवारी आपापल्या फॉर्मवर खुणा करायच्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे फॉर्म लताबाईंनी भरले. लताबाई त्या बाराजणींतल्याच, लाइनच्या मुकादम, शिरपूरकडच्या, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. बाराही फॉर्मांवर 'तेल लावले नाही' आणि 'केस मऊ' यांच्यासमोर खुणा होत्या. एवढा सुरेख निकाल बघून मला शंका यायला हवी होती. मी खूश झाले.

सोमवार-मंगळवार मी माल तपासला. प्रत्येक बॅचची एक डबी आम्ही कपाटात ठेवून देतो, ती उघडली. ग्लिसरीन मोजलं, वास बघितला, बोअरचं पाणी तपासलं. सगळं जिथल्या तिथे. धुळ्याला गेलेलं क्रीम आणि पॅनेलला दिलेलं क्रीम एकच होतं. मग केस का तुटले?

सोमवारी संध्याकाळपासून मी स्वतःही ते वापरायला घेतलं होतं. डोकं स्वच्छ धुतलं, तेलाचा थेंबही लावला नाही, रोज सकाळी फक्त क्रीम. दिवस थंडीचे होते, हवा कोरडी ठणठणीत. गुरुवारी सकाळी वेणी घालताना कंगवा अडकला आणि ओढला तर तुटके केस हातात आले. आरशातल्या डोक्याची केरसुणी झाली होती. म्हणजे पत्र खरं होतं आणि माझी सही खोटी. नोकरी गेल्याचं दापोलीला कसं कळवायचं, याची वाक्यं मी कारखान्यापर्यंत चालत मनात जुळवत होते.

पण पॅकिंगमध्ये शिरले आणि तिथेच थबकले. चेपलेल्या डब्या आम्ही बायकांना फुकटच देत असू, त्यामुळे त्याही हेच क्रीम वापरत होत्या. हवा तीच, पाणी तेच. आणि बाराजणींच्या वेण्या चकचकीत.

"लताबाई, डोक्याला काय लावता तुम्ही?"

"तुमचंच क्रीम ना ताई." मान वर न करता त्यांनी पुढची डबी खोक्यात बसवली.

काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी गत माझी. कामाच्या वेळी केस मालात पडू नयेत म्हणून आम्ही सगळ्या पांढऱ्या कापडी टोप्या घालत असू. दर गुरुवारी त्या धुवायला जात. त्याआधी मी त्या तपासायच्या आणि फाटकी असेल ती बदलायची. दोन वर्षं मी त्या वरूनच बघून वहीत खूण करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा उलट्या करून बघितल्या. माझी टोपी आतून पांढरी होती. बाकीच्या बारांना आतून पिवळा पट्टा. नाकाशी धरल्या तर खोबरेल तेलाचा वास.

मी लताबाईंना एकट्यांनाच लॅबमध्ये बोलावलं आणि त्यांची टोपी उलटी करून टेबलावर ठेवली.

"पावसाळ्यातही लावत होतात?"

"रोज लावत होती, ताई. आधी तेल, वरून तुमचं क्रीम."

"मग फॉर्मवर नाही म्हणून का लिहिलंत? बाराही जणींनी?"

"तुम्ही नको म्हनल्या ना. तुमच्या तोंडावर नही कसं म्हननार?" त्यांचा आवाज खाली आला. "माझा मानूस ट्रकवर ऱ्हातो. पंधरा-पंधरा दिवस पत्ता नही. तो रस्त्यावर असताना मी कोरडं डोकं घेऊन फिरू? आमच्यात घरातलं कोनी गेलं तं डोक्याले तेल लावत नही. एरवी बाई बिनतेलाची दिसली तं लोकं इचारतात, कोन गेलं म्हनून."

सुतकात तेल लावत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही, आमच्याकडेही नाहीच लावत. पण पॅनेलचा कागद तयार करताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मी बारा बायकांना तीन आठवडे सुतक पाळायला सांगितलं होतं आणि खाली सह्या मागितल्या होत्या.

"शेठ काढतील का आम्हाले?" त्यांनी विचारलं.

खरं उत्तर 'हो' होतं. कोणाची चूक ते लिहून द्या, असं कीर्तिभाई म्हणालेच होते. बारा खोट्या फॉर्मांचा गठ्ठा समोर केला की मी सुटत होते. ते मनात आलं नाही असं म्हणणार नाही. चांगलं दोन-तीन वेळा आलं. आणि प्रत्येक वेळी स्वतःची लाजही वाटली.

त्याच दुपारी मी माझ्या वेणीच्या टोकाच्या दोन बटा कापल्या. दोन्ही धुऊन एकीला नुसतं क्रीम लावलं, दुसरीला आधी खोबरेल आणि वर क्रीम. दोन्ही घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात ठेवल्या. हवा कोरडी ठेवणारी पावडर त्या भांड्याच्या तळाशी असते. शुक्रवारी दुपारी काढून कंगवा फिरवला. पहिली बट कुरकुरत तुटली. दुसरीतून कंगवा सरळ निघाला.

कारण उघड होतं. हवेत पाणी असेल तर ग्लिसरीन ते केसांकडे ओढतं. हवा कोरडी असेल तर ते पाण्यासाठी केसांकडेच हात पसरतं. आमच्या पावसाळ्यात क्रीम शहाण्यासारखं वागलं, खानदेशातल्या थंडीत त्याने केसच पिऊन टाकले. वरून तेलाचं झाकण असेल तर केस वाचतात. पॅनेलच्या बायकांनी नेमकं ते झाकण घातलं होतं.

शनिवारी सकाळी मी दोन्ही बटा आणि एका पानाचा रिपोर्ट कीर्तिभाईंपुढे ठेवला. 'पॅनेल टेस्ट चुकीच्या ऋतूत, चुकीच्या अटीवर घेतली. जबाबदारी केमिस्टची.' खाली सही.

त्यांनी दोनदा वाचलं. कंगवा घेऊन पहिली बट स्वतः विंचरून बघितली. मग विचारलं, "अट कई?"

"तीन आठवडे तेल लावायचं नाही, ही."

बाहेर नागपूरला निघालेला ट्रकवाला हॉर्न देत होता.

"मारी बा हजी पण, माझी आई आजही, घरात कोणाला कोरड्या डोक्याने बाहेर जाऊ देत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बारा बायकांना तेल सोडायला सांगितलं. त्यांनी हो म्हटलं. आणि तुम्ही मानलं?"

"हो."

"भणेला लोक," ते स्वतःशीच पुटपुटले. शिकलेले लोक, असा त्याचा अर्थ. मग उठून खिडकीतून ट्रकवाल्याला हाताने जा म्हणून खुणावलं. फॉर्म त्यांनी मागितले नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं असं मला आजही वाटतं.

लॉट थांबला. डब्यांवरून 'तेलाची गरज नाही' गेलं, क्रीममध्ये ग्लिसरीन निम्मं झालं आणि खोबरेल आलं. भरलेली डबी न् डबी उघडून माल परत पिंपात काढायचा होता. ते काम पॅकिंगच्या बायकांनी केलं आणि मलाही त्यांच्यासोबत बसायची आज्ञा झाली. तीच माझी शिक्षा.

त्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत लताबाई पिशवीतून तेलाची छोटी बाटली काढून माझ्यामागे येऊन बसल्या.

"झाली ना टेस्ट? आता तं लावा ताई. गुरुवारपासून तुमचं डोकं पाहून भ्याव वाटून राहिलं."

मी टोपी काढली. त्यांनी माझ्या टाळूवर तेल थापलं आणि जोर लावून जिरवलं. बाकीच्या अकराजणी डबे उघडून जेवायला लागल्या.

नंतर मी बऱ्याच पॅनेल टेस्ट घेतल्या. फॉर्म अजूनही भरून घेते, ऑफिसला कागद लागतोच. पण तो नंतर वाचते. आधी टोप्या उलट्या करून बघते.