गणूला जामीन राहिलेला माणूस

माझ्या गणूला महाडच्या कचेरीत उभं केलं, त्या दिवशी देव खरंच आहे का, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. खोताने आमची म्हैस कोंडवाड्यात घातली, त्या रागात या तेरा वर्षांच्या पोराने त्याची खळ्यावर रचलेली भाताची उडवी पेटवून दिली होती. गुन्हा त्याने लगेच कबूल केला. नवरा वारलेला, दीर मुंबईला गिरणीत. आमच्या कापडे गावाहून मी एकटीच आले होते.

मॅजिस्ट्रेटसाहेब कठोर नव्हते. म्हणाले, "बाई, मुलगा लहान आहे. याची हमी घेऊन याला वळण लावील असा कुणी जबाबदार माणूस दुपारपर्यंत आणा. नाहीतर घाटापलीकडे सुधारशाळेत पाठवावं लागेल."

महाडात मला कोण ओळखणार? पाय वीरेश्वराच्या देवळाकडे वळले. नवस बोलायलाही तोंड उघडेना. शेवटी एवढंच निघालं, "देवा, माझ्यानं नाय होत आता. पोर तुझं हाय."

बाजाराला आलेला बिरवाडीचा एक म्हातारा कुंभार शेजारी टेकला होता. "काय झालं गो बाय?" त्याने विचारलं, आणि मी परक्या माणसापुढे सगळं सांगून बसले. ऐकून तो पागोटं सारखं करत उठला. "चल. ती कचेरी मला ठावी हाय. पोरपणी चोरी केली म्हणून तिथंच फटके खाल्ले मी. माझ्यासाठी कुणी उभं रायलं नाय."

साहेबांनी विचारलं, "हा मुलगा तुमचा कोण?"

"आजपासून माझाच, साहेब."

साहेबांनी त्याचं नाव-गाव विचारलं. मग हमी लिहून घेतली आणि गणूला ताकीद देऊन सोडलं. तोवर एक टिपूस न गाळलेला गणू म्हाताऱ्याचा हात धरून हमसून हमसून रडला. मी तिथेच ओसरीवर बसले.

गणू बिरवाडीला राहिला, माती मळायला शिकला. पोर कुंभाराघरी ठेवलं म्हणून भावकीने नाकं मुरडली. पण म्हाताऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याला पाणी पाजायला गणूच होता.

लोक याला योगायोग म्हणतात. मी वाद घालत नाही. मी सुटका मागायला गेले होते, देवाने पोराला बाप दिला. आता काही मागताना मी देवाला वाट सांगत नाही.