मणक्यातली कीड

परवा एरंडोलच्या रस्त्यावर कपाशीवर फवारणी चालली होती. तो उग्र वास बसच्या खिडकीतून आत आला आणि मला जळगावची ती फार जुनी दुपार आठवली.

माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या पाठीचं दुखणं आम्ही किती महिने लचकच समजत होतो. तेल चोळलं, विटेनं शेकलं. पाय लुळे पडले तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. पांढऱ्या मणक्यात काळी भोकं होती, अळीनं बोंड पोखरावं तशी.

"टीबी आहे. मणक्याला कीड लागलीय."

आमचे वडील, नाना, टोपी हातात घेऊन उभे होते. "साहेब, मंग कोनता फवारा मारना पडी?"

मला तेव्हा लाज वाटली. आता वाटतं, त्या खोलीत बापानं दुसरं विचारायचं तरी काय?

"कीड गोळ्यांनी मरेल," डॉक्टर हळूच म्हणाले. "पायांचं सांगता येत नाही."

कीड मेली. पाय परत आले नाहीत.

पुढे अक्का ओट्यावर बसून कापूस निवडायची. मी किडकं बोंड फेकायला उचललं, की माझा हात धरायची.

"ऱ्हाऊ दे. त्यामा बी कापूस शे."