नर्सबाईंची कुंथणारी गाडी

जगातल्या प्रत्येक वस्तूला नाडी असते आणि ती लागत नसेल तर दोष आपल्या बोटांचा, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली. ती म्हणजे मालवणात आमच्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाई. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांतून बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांच्या गळ्यातली छातीचे ठोके ऐकायची नळी काही निवृत्त झाली नाही. ती त्या शिलाईच्या मशीनला लावत, गावच्या पिठाच्या गिरणीला लावत, आणि एकदा खरखरणाऱ्या आमच्या रेडिओला लावून, डोळे मिटून त्यांनी निदान केलं, "छाती भरली हा तेची. दोन दिवस उनात ठेव." मी थट्टेनं रेडिओ अंगणात उन्हाला ठेवला आणि तिसऱ्या दिवशी तो स्वच्छ बोलू लागला. आमच्या हायस्कूलातल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी दमट हवेचं शास्त्रीय कारण सांगितलं, पण तोवर वाडीतली दोन घड्याळं आणि एक पंप बाईंच्या ओसरीवर तपासायला येऊन बसले होते.

ऐंशीच्या दशकात ती नवी छोटी गाडी निघाली तेव्हा बाईंनी नाव नोंदवलं, आणि ती हाती येईपर्यंत चालवायलाही शिकून घेतलं. बाजारातून त्यांची गाडी जाऊ लागली की दुकानदार हातातला तराजू तसाच धरून बघत राहायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. गाडी त्यांनी घेतली ती वाड्यावाड्यांतल्या अडलेल्या बायकांना कुडाळच्या दवाखान्यात पोचवायला. गाडीत मागे रबरी चादर, दोन उशा आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास कायमचा असे. आणि गाडीचा केसपेपरही असे. शाळकरी वहीत त्या रोज लिहीत: "सकाळी झोप चांगली. तहान नेहमीची. चढावर धाप नाही."

एके दिवशी त्या वहीत नोंद झाली: "चौक्याचा उतार. डावीकडे वळताना कुंथली."

गाडीची देखभाल करणारं विक्रेत्याचं वर्कशॉप गोव्यात, म्हापशाच्या बाजूला. बाई मला बरोबर घेऊन निघाल्या. "तुझी पुस्तकातली भाषा हाफिसात बरी पडता मास्तर," म्हणाल्या. इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसानं कागद मागितले, तर बाईंनी त्याच्या डोळ्यांची पिवळट झाक बघून त्यालाच जीभ दाखवायला लावली आणि कावीळ तपासून घे म्हणून बजावलं. त्यात अर्धा तास गेला. वर्कशॉपातल्या मॅनेजरनं मात्र अर्धं मिनिटही दिलं नाही. त्यानं गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी चकाचक धुऊन परत दिली आणि कागदावर 'दोष नाही' असं लिहिलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. फक्त या वेळी काचा जास्त चमकत होत्या.

मॅनेजर सगळं माझ्याशी बोलायचा. गाडी बाईंची, चालवणार बाई, आवाज ऐकला बाईंनी, पण तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "सर, नवीन गाडी आहे. थोडाफार आवाज येतोच. मॅडमना सांगा, सवय होईल."

"पयल्या बाळंतपणाच्या बायलेक सगळे ह्याच सांगतत," बाई म्हणाल्या. "सवय होतली. आणि मगे दवाखान्यात पोचासर उशीर होता."

तिसऱ्या खेपेला बाई कपड्यांची पिशवी आणि पेजेचा डबा घेऊनच गेल्या. गाडी आत दिली आणि स्वतः मॅनेजरच्या टेबलासमोर बसल्या. दुपार झाली तरी हलल्या नाहीत. मॅनेजर हैराण होऊन मला म्हणाला, "सर, तुम्ही तरी समजवा."

"गाडी त्यांची आहे," मी म्हटलं. एवढं बोलायला मला तीन खेपा लागल्या, याची मला आजही लाज वाटते.

बाईंनी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. "वाच," म्हणाल्या. "एकवीस वेळा कुंथली. प्रत्येक वेळी उतार, प्रत्येक वेळी डावो हात. वालावलीक एक चेडू आसा, दिवस भरत इलेत, रक्तदाब वाढलेलो. तेच्या आवशीक मी शबूद दिलंय. पण ह्या गाडयेत मी तेका घालूचंय नाय."

मॅनेजर वही वाचत राहिला. मग पहिल्यांदाच त्यानं बाईंकडे बघून विचारलं, "आवाज पुढून येतो की मागून?"

त्यानं आतून एका म्हाताऱ्या मेस्त्रीला बोलावलं. मेस्त्री बाईंच्या शेजारी बसला, मॅनेजर आणि मी मागे, उशांमध्ये. जवळच्या टेकडीच्या उतारावर बाईंनी गाडी डावीकडे वळवली. मला काहीच ऐकू आलं नाही. मेस्त्रीनं मात्र हात वर केला. "बाये, परतून एकदां," तो म्हणाला. तीनदा वळवून झाल्यावर तो गाडीखाली शिरला, बाईंनी न मागता आपली नळी खाली दिली, आणि त्यानंही ती हसत का होईना, कानाला लावली. वर आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. डाव्या चाकाला धरून ठेवणारा एक बोल्ट आटे झिजून जवळजवळ सुटायला आला होता.

"बाये, तुजें खरें," तो एवढंच म्हणाला.

मॅनेजरनं स्वतः वाकून तो बोल्ट बघितला. त्यानं उभं राहून बाईंची माफी मागितली, माझी नाही, आणि समोर उभं राहून नवा बोल्ट बसवून घेतला. पुढे आम्ही जेव्हा जेव्हा तिकडे गेलो तेव्हा तो आधी खुर्ची द्यायचा आणि मग विचारायचा, "बाई, काय म्हणते गाडी?" इतर गिऱ्हाइकांनाही तसंच विचारताना मी त्याला ऐकलं.

परतताना गाडी बाईच चालवत होत्या. बांदा मागे पडल्यावर म्हणाल्या, "माझ्या नोकरयेच्या पयल्या वर्सात एक बाय वाटेतच गेली. बैलगाडयेत. माझ्या मांडयेर डोक्या होता. मी तिका सांगत होतंय, होता तसा, सवय होतली." पुढच्या उतारावर त्यांनी गाडी डावीकडे वळवली आणि कान देऊन ऐकलं.

वालावलीच्या मुलीला पंधरवड्यानं मुलगी झाली, कुडाळच्या दवाखान्यात, वेळेवर. वहीत त्या दिवशी फक्त "दोघी बऱ्या" एवढंच लिहिलेलं मी वाचलं आहे.

त्यानंतर बाईंनी आमच्या घरी निरोप धाडला, "तुझ्या बायलेक उद्यापासून शिकाक पाठय. तुका नुको. तू हॉर्न वाजवल्यार दचाकतंस." माझी बायको देवबागच्या वाटेवर गाडी शिकली. तिच्यामागून वाडीतल्या आणखी दोघी शिकल्या, आणि बाईंची नजर अधू झाली तोवर गाडीला चालवणारे हात मिळाले होते.

बाई आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघं कुडाळहून येत होतो. बायको गाडी चालवत होती, बाई तिच्या शेजारी. उतार लागला, वळण आलं, आणि मी मागून बघितलं तर बाईंची मान खिडकीकडे कलली होती. चालत्या गाडीत त्या कधी डुलकीसुद्धा घेत नसत. त्या दिवशी त्या हलकं घोरत गाढ झोपल्या होत्या. बायकोनं वेग थोडा कमी केला.