इमोन्ताच्या आत कोणी नसतं

कुवाबारा सेइजीच्या बाहुल्याच्या पोशाखाची पाठीवरची चेन दुसऱ्या कोणाला तरी ओढावी लागते. आतून ती उघडत नाही. ओकुमिने नगरपालिकेच्या पर्यटन विभागात तो कारकून आहे. पण जत्रेत, शाळेत, स्टेशनवर तो इमोन्ता असतो, गावाचा लाडका बाहुला: माणसाहून मोठी, केसाळ, गोल डोळ्यांची अळकुडी. इमोन्ता बोलत नाही. आणि त्याच्या आत कोणी नसतं. पोरं हे खरं मानतात, मोठे त्यांचा समज मोडत नाहीत. पालिकेतही नाही.

काही वर्षांत सेइजीचा डावा गुडघा गेला आणि इमोन्ता लंगडू लागला. एक पाऊल टाकायचा, झुलायचा, दुसरं ओढून घ्यायचा. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं. मग ब्राझीलमधल्या एका शाळेतली पोरं ओळीनं तशीच चालताना टीव्हीवर दिसली. तैवानहून बसभर माणसं येऊ लागली.

आता गुडघा जिनाही चढू देईना. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. "चाल अगदी सरळ होईल," ते आनंदानं म्हणाले.

सेइजी विभागप्रमुख ताकिमोतोंकडे गेला.

"साहेब, आता दुसऱ्या कोणाला तरी आत घाला."

"कशाच्या आत?"

"इमोन्ताच्या."

ताकिमोतोंनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "हळू बोल की! आत कोणी असतं का? नसलेल्या माणसाची बदली कशी करू मी?"

तरी एका रविवारी त्यांनी पाणीपुरवठ्यातल्या मिझुगुची चिहारुला आत घातलं. मुलगी नाचात तरबेज. सेइजी गर्दीत उभा राहिला. चिहारु मन लावून लंगडत होती, पण वळताना लंगडा पाय बदलायचा.

"आज प्यायलाय की काय हा?" शेजारची बाई म्हणाली. एक पोर रडायला लागलं, "हा आपला इमोन्ता नाही!"

चेन उघडल्यावर चिहारु घामाघूम बाहेर आली. "दादा, नाही जमत. तुमचा गुडघा उसना द्या, मग बघते."

त्याच आठवड्यात पॅरिसच्या मेळ्याचं आमंत्रण आलं. तारीख ऑपरेशनचीच. ताकिमोतोंनी तिकीट पुढे सरकवलं. त्यावर नाव सेइजीचं होतं.

"सामान सांभाळायला तू जातोयस. गुडघ्याचं नंतर बघू. आणि खरं सांगू? सरळ चालणारी अळकुडी बघायला कोण येणार?"

घरी बायको, मिनाए, उसळली. "अहो, नाही म्हणून सांगा ना त्यांना!"

"कोणी सांगायचं?"

"तुम्ही!"

"मी तिथं नसतोच."

ती हसली नाही. सेइजीनं दवाखान्यात फोन लावला. तारीख पुढे ढकलायची म्हटल्यावर परिचारिकेनं कारण विचारलं.

"परदेशी जायचंय."

"या गुडघ्यानं? असं काय अडलंय तिथं?"

"सामान सांभाळायचंय," सेइजी म्हणाला.

निरोपाचा कार्यक्रम स्टेशनवर झाला. चिहारुनं चेन ओढली. तोंडाच्या जाळीतून फक्त समोरचं दिसतं. समोर ताकिमोतो टाळ्या वाजवत होते. मागून पोरांचे बूट फरशीवर घासत येत होते, सगळ्यांचा डावा पाय, एका तालात.