पंख्याची होडी आणि दुसरं पाणी

चौकोनी बॅटरी विकत घेतली की तो तिथेच, दुकानदारासमोर, तिला जीभ लावून बघायचा. उकडलेलं रताळं खिशात ठेवायचा आणि विसरून जायचा. गोंदाच्या नळीला झाकण त्यानं आयुष्यात कधी लावलं नाही. फिरणारं काहीही दिसलं, पंखा, मोटर, शेजाऱ्याची शेवया करायची चक्की, तरी आधी कान लावायचा, मग डोळे. आणि दुरुस्त केलेल्या वस्तूचा शेवटचा स्क्रू तो घट्ट पिळायचा नाही. तीन पिळायचा, चौथा नुसता टेकवून ठेवायचा.

"आधी चालू तर दे," म्हणायचा. "मग पिळू."

हे चौथे स्क्रू त्याच्या बायकोला, ओकनामला, घरभर सापडत. एकदा भाताच्या वाटीत सापडला होता.

प्यो मानग्यूची आणखी एक सवय गावाला पाठ होती. पाण्याचे दिवस तो स्वतःच्या हिशेबानं मोजायचा.

हाजिन गाव खाडीच्या चिखलावर बसलेलं. तिथं तारीख कोणी विचारत नाही, पाणी विचारतात. भांगाच्या, म्हणजे सगळ्यात मंद भरतीच्या, दिवसानंतर पहिलं पाणी, मग दुसरं, मग तिसरं, असं उधाणापर्यंत आणि पुढं. पौर्णिमेला या दक्षिण किनाऱ्यावर आठवं पाणी. मानग्यू मूळचा पश्चिम किनाऱ्याचा. तिकडे त्याच पौर्णिमेला सातवं म्हणतात. चंद्र तोच, समुद्र तोच, आकडा एकानं मागे. त्यामुळे गावाचं दुसरं पाणी आज असलं, तर मानग्यूचं दुसरं उद्या.

सव्विसाव्या वर्षी तो ओकनामशी लग्न करून इथं आला. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. एक्केचाळीस वर्षं राहिला. आकडा बदलला नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ओकनामचे निळे आकडे, दुकानातल्या कॅलेंडरवर त्याचे लाल. घरात पाण्याचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण ठरल्यासारखं विचारायचं, "तुमचं की आमचं?"

शेजारची होसुक तर रस्त्यातून ओरडायची, "भावोजी, तुमचा समुद्र अजून गाडीतच बसलाय का? पोचेल हो उद्या!"

"पोचला की तुझ्याच दारात उतरवतो," मानग्यू म्हणायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी बोंगसिम गेली.

बोंगसिम आणि ओकनाम तीस वर्षं एकत्र शिंपल्या काढायला जात. एक गुडघा लांब फळीवर टेकवायचा, दुसऱ्या पायानं चिखल मागे ढकलायचा, आणि घसरत जायचं. फळी आहे तोवर चिखल आपला. त्या दिवशी वारा होता. बोंगसिम टोपली भरायला उतरली आणि फळी वाऱ्याबरोबर निघून गेली. मांडीपर्यंत रुतलेली बाई. बांधापासून दोनशे पावलं. होडी आणली तर तिचा पंखा चिखलात अडकला. दोन माणसं उतरली, त्यांनाच ओढून काढावं लागलं. मानग्यू बांधावर दोर घेऊन उभा होता. तो फेकत होता, दोर तीस पावलांवर पडत होता. तो पुन्हा गोळा करून फेकत होता.

शेवटी शेवटी बोंगसिम ओरडायची थांबली होती. नुसती बांधाकडे बघत होती.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारातून फोमची तीन खोकी उचलून आणली.

"हे कशाला?" ओकनामनं विचारलं.

"होडी."

"ह्यात बसणार कोण?"

"कोणी नाही. दोर बसणार."

कल्पना साधी होती. पंखा पाण्यात असला की चिखलात अडकतो, म्हणून तो वर, हवेत. तळ सपाट. अशी होडी चिखल, पाणी, शेवाळ, सगळ्यावरून घसरते. बांधावरून रिमोटनं चालवायची. ती रुतलेल्या माणसापर्यंत बारीक दोरी नेईल. दोरीचं बांधाकडचं टोक जाड दोराला बांधलेलं. माणसानं दोरी ओढायची, मागून जाड दोर येईल. दोराचं दुसरं टोक बांधावरच्या लोखंडी खुंट्याला.

दीड वर्ष लागलं. फोमवर कापड आणि राळ चढवली. मोठ्या खेळण्यातल्या विमानाचा पंखा मागवला. त्याभोवती घरच्या उभ्या पंख्याची जाळी बसवली, त्यामुळे घरात तो उन्हाळा वारा न लागता गेला. पाठीमागची दोन सुकाणं निवडणुकीच्या जुन्या फलकातून कापली. एका सुकाणावर एका उमेदवाराचा अर्धा चेहरा राहिला.

"कुठं नेतोय बघा आपल्याला," गावप्रमुख नोह म्हणाला. "निवडून आल्यावर कधी दिसला नाही, आता होडीच्या शेपटीला सापडला."

पहिली चाचणी भाताच्या शेतामागच्या तळ्यावर झाली. होडी गोल गोल फिरली आणि बदकांच्या मागे लागली. दुसऱ्या वेळी सरळ गेली, पण सत्तर पावलांवर थांबली. पंखा जीव तोडून ओरडत होता आणि होडी जागची हलत नव्हती. दोरी चिखलावर घासत होती. जितकी लांब जाई तितकी जड होई. महिनाभर तो मोठ्या मोटरच्या मागे होता.

ओकनाम लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "अहो, जाळं टाकताना जाळं काठावर ठेवतात की होडीत?"

तो उठून दुकानात गेला.

दोरीचं रीळ होडीत गेलं. होडी पुढं जाताना दोरी मागे सोडत जाई, पडलेली दोरी जागेवरच राही. घासणं संपलं. तळ्यावर होडी आरपार गेली. मानग्यूनं त्या रात्री दोन पेले भाताची दारू घेतली आणि बायकोला "अगं" म्हणायचं सोडून "गुरुजी" म्हणायला लागला.

पण तळं म्हणजे खाडी नव्हे. आणि त्याला जी चाचणी हवी होती ती माणसाशिवाय होत नव्हती. कोणीतरी खऱ्या चिखलात, फळीशिवाय, उभं राहायला हवं होतं. त्याच्या हातात दोरी पोचायला हवी होती. थंडी सुरू झाली होती. शिंपल्यांचा हंगाम आठवड्यावर आला होता. एकोणसत्तर वर्षांची ओकनाम या वर्षीही जाणार होती. नको म्हणून त्यानं सांगून बघितलं होतं. ती म्हणाली होती, "मग घरात बसून काय करू, तुमचे स्क्रू वेचू?"

तेव्हा होडी हंगामाआधी तयार हवी होती. एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"मी उभी राहते," ओकनाम म्हणाली. "मला चिखलात उभं राहायचं कसं ते माहीत आहे. तुम्ही बांधावरून पाठवा."

"घाबरशील."

"घाबरेन तर बोंगसिमची आठवण येऊन घाबरेन. तुमच्या होडीला कशाला घाबरू? तिच्या शेपटीवर अर्धा नेता आहे."

त्या संध्याकाळी ती चिनी कोबी चिरत होती. मानग्यू कधी नव्हे तो स्वयंपाकघरात आला. भिंतीपाशी थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्या पाण्याला करू. पाणी मवाळ असेल. ओहोटी दुपारी बाराच्या आसपास."

"बरं," ती म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं नाही, तुमचं की आमचं.

तिला वाटलं, तो नेहमीप्रमाणे आपला आकडा सांगतोय. तिनं मनातल्या मनात एक दिवस पुढं सरकवला. तो भिंतीपाशी का उभा होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. तो तिचं कॅलेंडर वाचत होता. उद्या चिखलात ती उभी राहणार, तेव्हा आकडा तिचाच धरावा, असं बहुधा त्याला वाटलं असेल. बहुधा. विचारायला तो नाही.

गावाच्या दुसऱ्या पाण्याच्या सकाळी ती होसुकबरोबर सातच्या बसनं बाजाराला निघाली. मानग्यू अंथरुणातच होता.

"लवकर ये हं," तो म्हणाला.

"येते की."

दिवस मोकळाच आहे, अशा समजुतीत तिनं सावकाश बाजार केला. किमचीच्या लोणच्यासाठी मुळे घेतले. दोन सुऱ्यांना धार लावायला टाकल्या. धारवाल्यासमोर रांग होती. होसुक म्हणाली, शेवया खाऊ. खाल्ल्या. "घरी नवरा वाट बघत असेल," होसुकनं चिमटा काढला. ओकनाम म्हणाली, "तो होडीची वाट बघतो, माझी नाही." तिचा फोन घरी भात शिजवायच्या भांड्याशेजारी राहिला होता. त्यावर सहा वेळा रिंग वाजली होती. शेवटची अकरा पन्नासला.

चारच्या बसनं दोघी उतरल्या. बांधाच्या वळणावर ओकनाम थांबली.

भरती चढत होती. पाणी शांत, राखाडी. त्यात एका ओळीत चार बांबू उभे होते, प्रत्येकाच्या टोकाला तांबडी चिंधी. बांधापासून पन्नास पन्नास पावलांचं अंतर असावं. चौथ्याची चिंधी पाण्याला टेकली होती. आणि तिथंच, चौथ्या बांबूच्या अलीकडे, होडी होती.

वारा जमिनीकडून सुटला होता. पाणी आत येत होतं. तरी होडी हलत नव्हती. नाक एका जागी, शेपूट थोडंसं डुलतंय.

"बघ," ओकनाम होसुकला म्हणाली. "थांबायला पण शिकली."

मग तिनं बांधावर मानग्यूला शोधलं. त्याचे बूट उतारावर होते. दोन्ही. जाड दोराचं भेंडोळं होतं. त्याचा हत्यारांचा डबा होता, त्यावर पातेल्याएवढं झाकण. तिची फळी तिच्या नेहमीच्या जागी नव्हती.

होसुकच्या हातातली मुळ्यांची जुडी खाली पडली.

त्या दुपारचं सगळं गावानं नंतर मागे जाऊन जुळवलं. बारापर्यंत त्यानं तिची वाट बघितली. ओहोटीची वेळ निघून चालली होती. हंगाम आठवड्यावर होता. उद्या वारा असेल असं रेडिओ सांगत होता. म्हणून निदान अंतराच्या खुणा तरी रोवू म्हणून तो तिची फळी घेऊन निघाला. रिमोट गळ्यात होता. लांब गेल्यावर होडी ऐकते की नाही, हे बघायची त्याची पद्धत तीच: होडी बांधापाशी चालू ठेवायची, आपण दूर जायचं, आणि दर खुणेपाशी थांबून पंखा फिरवायचा, त्याचा आवाज ऐकायचा. कोबीच्या शेतात काम करणाऱ्या एका म्हातारीनं चार वेळा आवाज ऐकला होता. चौथ्यानंतर बराच वेळ काही नाही. मग पाचव्यांदा. तो आवाज मोठा होता आणि खूप वेळ चालला. लांब गेला, आणि थांबला.

फळी दुसऱ्या दिवशी समोरच्या काठाला सापडली. तिच्यावर चाळीस वर्षं बसलेल्या बायकांनासुद्धा ती कधी कधी फसवते. तो तिच्यावर तीनदा बसला असेल.

होडी सरळ गेली. याबद्दल गावात दुमत नाही. दोनशे पावलं, खऱ्या चिखलावरून, पातळ पाण्यावरून, बांधावर कोणी नसताना. रुतलेल्या माणसानं स्वतः ती आपल्याकडे बोलावली आणि ती त्याच्या हाताशी येऊन थांबली. दीड वर्ष तो याच चाचणीसाठी झटत होता.

पोरं म्हणावीत अशा वयाच्या दोन कोळ्यांनी अंधार पडायच्या आत त्याला बाहेर काढलं, पण तोवर तो गेला होता. होडीचा काठ त्याच्या काखेत होता. दोरी त्याच्या डाव्या हाताला गुंडाळलेली होती. मनगटापासून कोपरापर्यंत, नीट, एकावर एक, तो तार गुंडाळायचा तशी. सगळी दोनशे पावलांची दोरी. नोहनं ती सोडवायला घेतली आणि टोकाशी आल्यावर थांबला. टोक नुसतं होतं. त्याला दोर नव्हता, गाठ नव्हती, गाठ सुटल्याचा वळही नव्हता.

"म्हणजे त्यानं ओढली," नोह म्हणाला, "आणि ती सगळी..."

"गप्प बसा," होसुक म्हणाली.

ओकनाम बांधावर गेली. डब्याच्या झाकणावर मेणाच्या खडूनं त्यानं चाचणीच्या पायऱ्या लिहिल्या होत्या. बॅटरी. सुकाणं. जाळी. रीळ. आवाज. प्रत्येकापुढं खूण. शेवटी दोन ओळी होत्या. दोरी दोराला. दोर खुंट्याला. त्यांच्यापुढं काही नव्हतं.

घरी तिनं दिवा लावला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, तिच्या निळ्या दोनच्या चौकोनात, लाल पेन्सिलीनं एक छोटी होडी काढलेली होती. मागे पंखा. शेपटीवर अर्धा चेहरासुद्धा.

ती पुन्हा बांधावर आली. कोणी तिला अडवलं नाही.

जाड दोराचं भेंडोळं तसंच होतं. दोराच्या दोन्ही टोकांना त्यानं फासे तयार करून ठेवले होते, एक दोरीसाठी, एक खुंट्यासाठी. दोन्ही उघडे. खुंटा हातभर अंतरावर होता.