रतनबाईची दोन मिनिटं

सोनई आणि आसपासच्या पंधरा गावांत गेली तेहतीस वर्षं कुणीही माईकपुढे तोंड उघडलं, की मंडपाच्या कडेला पत्र्याच्या खुर्चीवर गहिनीनाथ बसलेला असायचा. गुडघ्याशी अँप्लिफायर, खांद्यावर टॉवेल आणि चेहऱ्यावर काहीच नाही. शाळेचं स्नेहसंमेलन असो, सोसायटीची सभा असो की कुणाचा दहावा, त्याच्या चेहऱ्यात फरक पडत नसे. 'जास्त वेळ न घेता' म्हणणारा माणूस पाऊण तास घेतो आणि 'मी काही वक्ता नाही' म्हणणाऱ्याला आवरायला देवही येत नाही, एवढं ज्ञान त्याने या धंद्यात कमावलं होतं. ते तो कुणाला सांगत नसे. आपण आवाज पुरवायचा, ऐकायचं काम गिऱ्हाइकाचं, असा त्याचा साधा हिशेब होता.

त्याची बायको साळूबाई मात्र या हिशेबातली नव्हती. ती एकदाच त्याच्याबरोबर एका सत्काराला गेली होती. सत्काराचा नारळ दोन तास टेबलावरच बसून राहिला आणि सत्कारमूर्ती जांभया द्यायला लागली, तेव्हा भर सभेत तिने नवऱ्याच्या कानाला लागून विचारलं होतं की तुमच्याकडं एवढी बटणं हायती, त्यातलं एक दाबायला काय होतंय. गहिनीनाथ हसला होता. बटण काही दाबलं नव्हतं. त्यानंतर ती कधी सभेला गेली नाही. घरी बसून त्याची वाट बघत राहिली.

ही वाट बघण्याची गोष्ट जरा सांगायला हवी. भोंगा दुरुस्त झाला की गहिनीनाथ तो घराशेजारच्या लिंबावर चढून बांधायचा आणि आवाज कसा जातो ते वरूनच ऐकायचा. माईकमध्ये बोलायला खाली कुणीतरी लागायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने ते काम साळूबाईला लावलं. नव्या नवरीला माईकमध्ये काय बोलावं ते कळेना. एक-दोन-तीन म्हण, असं त्याने वरून सांगितलं, तर तिला लाज वाटली. शेवटी तिने माईक पदराआड धरून, मनात होतं तेच बोलून टाकलं. "अहो, येतोय का आवाज? चहा निवतोय, उतरा खाली." सगळ्या वस्तीवर तो निरोप गेला. विहिरीवरच्या बाया हसून लोटपोट झाल्या. झाडावर गहिनीनाथ असा लाजला की त्याने नुसता टॉवेल हलवून आवाज येतोय असं कळवलं.

पुढे तेच ठरून गेलं. तेहतीस वर्षं भोंग्याची परीक्षा त्याच वाक्याने झाली. तिने चहा निवतोय म्हणायचं आणि त्याने वरून टॉवेल हलवायचा. वस्तीवरच्या पोरांची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत जायला लागली, तरी साळूबाईचा चहा निवतच राहिला. आणि खरंही होतं ते. सभा अकराला संपणार म्हणून सांगून जाणारा नवरा दोन वाजता यायचा, तेव्हा चुलीशेजारी झाकून ठेवलेल्या चहावर साय धरलेली असायची. ती तो परत गरम करायची आणि कोण बोलला एवढा वेळ ते विचारून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

गेल्या महिन्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि साळूबाई गेली.

दहावा नदीकाठच्या घाटावर होता. आमच्याकडे दहावा म्हणजे सकाळी आधी महाराजांचं प्रवचन, मग पिंड मांडायचे आणि कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं. कुणाचा दहावा किती मोठा झाला हे भाषणांवरून मोजतात. गहिनीनाथचा माईक ज्यांनी ज्यांनी तोंडापुढे धरला होता, ते सगळे त्या दिवशी आले. घरोबा म्हणून आले, मनापासून आले, हेही खरं. पण येताना भाषण घेऊन आले.

गहिनीनाथला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. साळूबाईबद्दल कुणीतरी एक तरी खरं बोलावं. त्याला स्वतःला बोलता येत नव्हतं; तेहतीस वर्षं माईक हाताळून त्यात तो कधी हॅलोच्या पुढे गेला नव्हता. म्हणून आदल्या दिवशी त्याने शेजारच्या रतनबाईला गळ घातली. रतनबाई साळूबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी एका बांधावर भाकरी खाल्ली होती, एका डबीतली मिसरी लावली होती. बाईमाणसानं दहाव्याला बोलायची आमच्याकडे फारशी पद्धत नाही, पण रतनबाई तयार झाली. दोन मिनिटांत उरकते म्हणाली. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी तिचं नाव यादीत लिहून घेतलं, सगळ्यात शेवटी.

मशीनवर पुतण्या सहादेव होता. या दहा दिवसांत धंदा तोच बघत होता. चुलतीच्या दहाव्याला आवाज कमी पडू नये म्हणून त्याने दोन्ही भोंगे घाटावरच्या जांभळाला बांधले होते, आणि त्या जांभळाखालीच पिंड ठेवायचा दगड होता. गहिनीनाथच्या ते ध्यानात आलं तेव्हा पहिलं भाषण सुरू झालं होतं. दहाव्याला भोंगा पिंडाजवळ बांधायचा नसतो, तोंड रस्त्याकडे करून लांब बांधायचा असतो, कारण डोक्यावर भोंगा बोंबलत असताना कावळा कशाला येतोय. ही गोष्ट तो सहादेवला शिकवायची विसरला होता. आणि आज तो दुःखातला माणूस. भावकीने त्याला सतरंजीवर मधोमध बसवलेलं, वायरींना हात लावायला कसा उठणार?

एकामागून एक माणसं बोलत राहिली. साळूबाई मायाळू होती, धार्मिक होती, शांत स्वभावाची होती. शांत स्वभावाची म्हटल्यावर बायकांच्या घोळक्यात रतनबाईने चटकन वर पाहिलं. एकाने ऊसतोडीचा प्रश्न काढला, दुसऱ्याने कालव्याच्या पाण्याचा. मुलगा ज्ञानेश्वर चाकणच्या कंपनीतून रजा काढून आलेला. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर, पिंडांपुढे हात जोडून उभा. नदीपलीकडच्या बाभळींवर कावळे बसून होते. एखादा उडायचा, पाण्यावरून जांभळापर्यंत यायचा आणि भोंगा ऐकून परत फिरायचा.

लोक आपसात बोलायला लागले की बाईची काहीतरी इच्छा राहिली. मग जो तो वक्ता ती इच्छा पुरी करायला निघाला. एकाने ज्ञानेश्वरला गावाकडे नोकरी बघतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याने वस्तीच्या रस्त्याला खडी टाकून देतो म्हणून साळूबाईला शब्द दिला. कावळा तसाच माघारी गेला. साडेदहा झाले.

मग वैजनाथराव उठले. पंचक्रोशीतलं मोठं प्रस्थ. त्या सकाळचा हा त्यांचा तिसरा दहावा. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी जास्त वेळ घेणार नाही, आणि भागिरथीबाईंच्या आठवणींनी त्यांचा कंठ दाटून आला. भागिरथीबाई म्हणजे आधीच्या गावातली मयत. गुरुजींनी मागून कुजबुजून नाव सुधारलं. वैजनाथरावांनी न अडखळता साळूबाई म्हटलं आणि बाकीचं भाषण तेच पुढे चालू ठेवलं.

गहिनीनाथ ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो सगळं भाषण ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, की असल्या शब्दांच्या राखणीला आपण तेहतीस वर्षं बसलो. तेवढा वेळ घरी बसलो असतो तर तिच्याबरोबर किती गरम चहा झाला असता. तिच्यासमोर उकिडवं बसून, बशीत ओतून, तिची बडबड ऐकत. तिची बडबड ऐकायला त्याला वेळ नव्हता आणि ही ऐकायला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वैजनाथरावांना वाटलं आपलं भाषण लागलं, त्यांनी आवाज आणखी चढवला.

तेवढ्यात गुरुजी वाकत वाकत रतनबाईकडे गेले आणि हात जोडून काहीतरी पुटपुटले. उशीर झालाय, आता तुमचं राहू द्या, एवढंच असणार. रतनबाईने मान डोलावली आणि पदर तोंडाला लावून खाली बघत बसली.

गहिनीनाथ उठला. लघवीला चालला असेल म्हणून लोकांनी वाट दिली. तो सरळ सहादेवजवळ गेला, खाली वाकला आणि जे बटण साळूबाईने कधीकाळी दाबायला सांगितलं होतं ते दाबलं. वैजनाथरावांचा आवाज वाक्याच्या मधेच गेला. त्यांनी माईकवर टिचकी मारली. घाटावर अशी शांतता झाली की पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

गहिनीनाथला म्हणायचं होतं की आता रतनबाई बोलतील. त्याने त्यासाठी तोंड उघडलंही. पण त्याआधी पलीकडच्या बाभळीवरून एक कावळा सरळ आला, दगडावर उतरला आणि पिंडाला चोच लावून मोकळा झाला. मागोमाग आणखी चार आले.

शिवला, शिवला, असं म्हणत सगळा घाट उठला. लोकांनी हात जोडले, टोप्या सारख्या केल्या. ज्ञानेश्वर रडत होता, त्याला कुणी पोटाशी धरलं. एकदा कावळा शिवल्यावर कोण थांबतंय? पाच-दहा मिनिटांत वैजनाथरावांसकट सगळी माणसं जेवणाच्या मंडपाकडे निघून गेली.

गहिनीनाथ मशीनशेजारी उभाच राहिला. त्याने बटण दाबलं होतं रतनबाईसाठी आणि गेली साळू. एवढी झटकन जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. भाषणं चालू होती तोवर ती इथंच कुठंतरी होती, त्या बाभळींत, कंटाळून, चिडून, पण होती. आता त्याला वाटलं, बोलू द्यायचं होतं वैजनाथरावांना. संध्याकाळपर्यंत बोलले असते तरी आपण ऐकलं असतं.

सहादेव जांभळावर चढायला निघाला तेव्हा गहिनीनाथने त्याला थांबवलं. रतनबाई अजून सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"रतनवहिनी, तुमचं राह्यलं."

"आता कुनाला सांगू, भाऊ? समदी गेली की."

"मी हाय ना. मला सांगा."

त्याने माईक तिच्या हातात दिला आणि सहादेवला मशीन चालू करायला लावलं. रतनबाईने दोन मिनिटांचं भाषण रात्रभर पाठ केलं होतं. त्यातलं तिला आता एक अक्षर आठवेना. तिने रिकाम्या घाटाकडे पाहिलं, जांभळावरच्या भोंग्यांकडे पाहिलं. गहिनीनाथ त्या झाडाखाली जाऊन उभा राहिला होता, मान वर करून, लिंबावर बसून ऐकायचा तसा कान देऊन. तिने माईक पदराआड धरला.

"अहो, येतोय का आवाज?" भोंग्यातून रतनबाईचा घोगरा आवाज आला. "चहा निवतोय, उतरा खाली."

नदीपलीकडे आवाज गेला आणि बाभळींतले कावळे उडाले. जेवणाच्या मंडपात वस्तीवरच्या बायांच्या हातातली वाढपाची भांडी तशीच राहिली. सहादेवने तोंड फिरवलं.

जांभळाखाली गहिनीनाथने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात उंच करून हलवला.